फ्लॅटपॅक अ‍ॅपला फॉन्ट, स्कॅनर आणि डीएससी टोकन का दिसत नाही?

विंडोज ७ च्या काळातला संगणक, चार जीबी रॅम आणि त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू. एवढ्यावर विदर्भातल्या खेड्यातल्या सेवा केंद्राचं, ग्रामपंचायतीचं किंवा वाचनालयाचं काम व्यवस्थित निघतं. अडचण येते ती नवं अ‍ॅप टाकल्यावर. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लिबरऑफिसची ताजी आवृत्ती घेतली आणि ग्रामसभेचा कृतीदेवमधला जुना ठराव उघडला, तर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं. प्रिंटर मात्र चालतो. स्कॅनर सापडत नाही. ब्राउझर डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन ओळखत नाही. पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरला दिसतो, अ‍ॅपला दिसत नाही. संगणक तोच, वायरी त्याच, तरी काही गोष्टी चालतात आणि काही अडतात.

कारण हे नवं अ‍ॅप बहुतेक वेळा फ्लॅटपॅक किंवा स्नॅप स्वरूपात आलेलं असतं. अशी अ‍ॅप सिस्टिममध्ये मिसळत नाहीत. स्वतःपुरत्या बंदिस्त जागेत चालतात आणि बाहेरच्या गोष्टी परवानगीप्रमाणेच वापरतात. ही परवानगी कुठे असते, काय दिल्यावर काय चालतं आणि काय दिलं तरी चालत नाही, एवढं समजलं की वर सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक पाच-दहा मिनिटांत मिटतात.

आत नेमकं काय असतं

साधं, म्हणजे नेटिव्ह अ‍ॅप सिस्टिमच्या लायब्ररी वापरतं. चित्र काढण्याची, अक्षरं मांडण्याची, फाइल उघडण्याची कामं करणारे हे सामायिक तुकडे यूएसआर नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि शेकडो प्रोग्रॅम तेच वापरतात.

फ्लॅटपॅक अ‍ॅप सुरू होतं तेव्हा बबलरॅप नावाचं छोटं साधन लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, मदतीने त्या अ‍ॅपपुरतं वेगळं जग उभं करतं. त्या जगातही यूएसआर फोल्डर असतं, पण ते तुमच्या संगणकाचं नसतं. ते ‘रनटाइम’चं असतं. रनटाइम म्हणजे लायब्ररींचा तयार संच. फ्रीडेस्कटॉप, ग्नोम आणि केडीई असे त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. फ्रीडेस्कटॉपचा नवा संच वर्षातून एकदा येतो, म्हणून त्याच्या आवृत्त्या २३.०८, २४.०८ अशा वर्ष-महिन्याच्या असतात. पाच अ‍ॅपना एकच रनटाइम लागत असेल तर ते एकदाच उतरतं आणि पाचही अ‍ॅप ते वापरतात.

याचा एक परिणाम जुन्या संगणकावर लगेच जाणवतो. नेटिव्ह अ‍ॅपच्या लायब्ररी आधीच मेमरीत असतात, फ्लॅटपॅक अ‍ॅप मात्र स्वतःच्या रनटाइममधल्या वेगळ्या प्रती मेमरीत आणतं. चार जीबी रॅमच्या संगणकावर रोज लागणारी अ‍ॅप शक्यतो नेटिव्ह ठेवावीत आणि ताजी आवृत्ती खरोखरच हवी असेल तिथेच फ्लॅटपॅक घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एखादं अ‍ॅप दोन्ही स्वरूपांत असेल तर त्याच्या पानावर ‘सिस्टिम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ यांतून निवड करता येते. घाईत ती निवड कोणी बघत नाही, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथेच सुरू होतात. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स मुळातच स्नॅप स्वरूपात येतं, म्हणजे तिथे निवड न करताही बंदिस्त ब्राउझरच हाती पडतो.

सेवा वाटता येते, लायब्ररी वाटता येत नाही

बाहेरचा कुठलाही घटक अ‍ॅपला दोनपैकी एका रीतीने मिळतो. पहिली रीत सेवेची. घटक स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून आधीच चालू असतो, अ‍ॅप त्याला निरोप पाठवतं आणि उत्तर घेतं. दळण गिरणीवर देऊन पीठ आणावं तसं हे काम आहे, त्यासाठी गिरणी घरात आणावी लागत नाही. छपाई सांभाळणारी कप्स ही सेवा, मराठी टायपिंगची आयबस, आवाजाची पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, टोकन वाचणारी पीसीएससीडी, सगळ्या या प्रकारच्या. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट, म्हणजे सॉकेट, अ‍ॅपला मोकळी करून दिली की काम होतं. आतलं अ‍ॅप नवं आहे की बाहेरची सेवा जुनी आहे याने सहसा फरक पडत नाही. बोलण्याची पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल, जुळला की पुरे.

दुसरी रीत लायब्ररीची. इथे घटकाची फाइल अ‍ॅप आपल्याच मेमरीत ओढून घेतं आणि ती त्याचाच भाग होऊन चालते. स्कॅनरचा ड्रायव्हर, डीएससी टोकनची कंपनीने दिलेली फाइल, ग्राफिक्स ड्रायव्हर, व्हिडिओचे कोडेक, जावा हे सगळे असे आहेत. अशी फाइल ज्या मूळ सी लायब्ररीवर आणि इतर लायब्ररींवर बेतलेली असते, त्याच जुळत्या आवृत्तीत आतही असाव्या लागतात. बाहेर उबुंटू २०.०४ आणि आत २४.०८ चं रनटाइम असेल, तर बाहेरची फाइल आत नेऊन चालेलच असं नाही. म्हणूनच फ्लॅटपॅक बाहेरच्या लायब्ररी आत दाखवतच नाही.

अडचण आली की आधी हाच प्रश्न विचारावा: जे चालत नाही ती सेवा आहे की लायब्ररी? सेवा असेल तर परवानगी देऊन सुटेल. लायब्ररी असेल तर ती आतल्या जगातच बसवावी लागेल, नाहीतर ते अ‍ॅप नेटिव्ह घ्यावं लागेल.

परवानग्या कुठे बदलायच्या

फ्लॅटपॅकसाठी ‘फ्लॅटसील’ नावाचं मोफत अ‍ॅप फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅक अ‍ॅपच्या ऑनलाइन भांडारात, आहे. डावीकडे अ‍ॅपची यादी असते, उजवीकडे त्या अ‍ॅपच्या परवानग्या: शेअर, सॉकेट, डिव्हाइस, फाइलसिस्टिम वगैरे गट आणि प्रत्येकापुढे चालू-बंद करण्याचं बटण. बदल केल्यावर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं. चालू असलेल्या अ‍ॅपला नवी परवानगी लागू होत नाही. ‘बटण चालू केलं तरी काही झालं नाही’ या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. खिडकी बंद झाली तरी काही अ‍ॅप मागे चालू राहतात, त्यामुळे शंका असेल तर लॉगआउट करून परत या.

टर्मिनलची सवय असेल तर ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड’ ही आज्ञा तेच काम करते. ‘फ्लॅटपॅक इन्फो’ला परवानग्या दाखवण्याचा पर्याय दिला की त्या अ‍ॅपच्या परवानग्यांची यादी समोर येते.

स्नॅपच्या परवानग्या उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’खाली त्या त्या अ‍ॅपच्या पानावर असतात. टर्मिनलवर ‘स्नॅप कनेक्शन्स’ने यादी दिसते आणि ‘स्नॅप कनेक्ट’ने जोडणी होते.

फॉन्ट: कृतीदेव, श्रीलिपी आणि युनिकोड

जुन्या कागदपत्रांचं मूळ दुखणं आधी लक्षात घ्या. कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, ज्यांच्यावर त्या फॉन्टने मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट सापडला नाही की ती इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते, त्यामुळे घाबरून ती पुन्हा टाइप करायला बसू नये.

फ्लॅटपॅक बाहेरचे फॉन्ट आपणहून आत दाखवतं, वेगळी परवानगी लागत नाही. मात्र तीन ठिकाणचेच: सिस्टिमचं यूएसआर-शेअर-फॉन्ट्स, संगणकावर हाताने टाकलेल्यांसाठीचं यूएसआर-लोकल-शेअर-फॉन्ट्स, आणि वापरकर्त्याच्या होममधलं डॉट-लोकल-शेअर-फॉन्ट्स, किंवा जुन्या पद्धतीचं डॉट-फॉन्ट्स. फॉन्टची फाइल फॉन्ट व्ह्यूअरमध्ये उघडून ‘इन्स्टॉल’ दाबलं की ती होममधल्या जागी जाते. त्याच संगणकावर दोघं-तिघं वेगवेगळ्या नावाने लॉगिन करत असतील तर ती फक्त टाकणाऱ्यालाच दिसेल. केंद्राच्या संगणकावर फॉन्ट यूएसआर-लोकल-शेअर-फॉन्ट्समध्ये टाकणंच योग्य.

फसगत होते ती शॉर्टकटने. संगणकावर विंडोजही असेल तर काही जण तिकडचे फॉन्ट नकलून न घेता विंडोजच्या फॉन्ट फोल्डरकडे बोट दाखवणारा सिमलिंक करून ठेवतात. नेटिव्ह अ‍ॅपना ते फॉन्ट व्यवस्थित दिसतात. फ्लॅटपॅकच्या आत सिमलिंक पोचतो, पण तो ज्या ड्राइव्हकडे बोट दाखवतो तो ड्राइव्ह आत नसतो. यादीतून फॉन्ट नाहीसा होतो आणि एररही येत नाही. इलाज सरळ आहे: फॉन्टच्या फाइली खऱ्याखुऱ्या कॉपी करा.

नवा फॉन्ट टाकूनही आत दिसत नसेल तर अ‍ॅपची जुनी फॉन्टयादी आडवी येत असते. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेली फोल्डरं उघडी करा. होममध्ये डॉट-व्हार, त्यात अ‍ॅप, त्यात त्या अ‍ॅपच्या लांबलचक नावाचं फोल्डर, त्यात कॅशे आणि त्यात फॉन्टकॉन्फिग. अ‍ॅप बंद करून हे शेवटचं फोल्डर उडवा. पुन्हा उघडताना अ‍ॅप नवी यादी करतं, त्यामुळे पहिल्यांदा थोडा वेळ लागतो. डॉट-व्हारमधल्या बाकी गोष्टींना हात लावू नका, कारण अ‍ॅपची सगळी सेटिंग्ज आणि डेटा तिथेच असतो.

युनिकोड मराठीची अडचण वेगळी. अक्षरं दिसतात, पण आपण मुक्ता हा फॉन्ट निवडलेला असताना अ‍ॅप दुसऱ्याच फॉन्टमध्ये मराठी दाखवतं. फॉन्टच्या फाइली आत आल्या, तरी ‘देवनागरीसाठी अमुक फॉन्ट आधी घे’ हा तुमचा नियम आत आलेला नसतो. तो नियम होमच्या डॉट-कॉन्फिगमधल्या फॉन्टकॉन्फिग फोल्डरमध्ये असतो. फ्लॅटसीलमध्ये फाइलसिस्टिम गटात ‘अदर फाइल्स’खाली ‘एक्सडीजी-कॉन्फिग’, तिरकी रेघ, ‘फॉन्टकॉन्फिग’ आणि शेवटी कोलन देऊन ‘आरओ’ असं लिहा. शेवटची दोन अक्षरं महत्त्वाची: अ‍ॅपने नियम वाचावा, बदलू नये.

मराठी टायपिंग आणि मराठी मेनू

इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक टायपिंग आयबस करते आणि ती सेवा आहे, म्हणून बंदिस्त अ‍ॅपमध्येही ती सहसा न सांगता चालते. शुद्धलेखनाचा कोश मात्र सेवा नाही. सिस्टिमवर टाकलेला मराठी कोश फ्लॅटपॅक लिबरऑफिसला दिसणार नाही, तो लिबरऑफिसच्या ‘एक्स्टेन्शन्स’मधूनच टाकावा लागतो.

मेनू इंग्रजीतच दिसत असतील तर त्याचं कारण डाउनलोडमध्ये आहे. जागा वाचवण्यासाठी फ्लॅटपॅक सिस्टिमच्या भाषेपुरतेच अनुवाद उतरवतं. सिस्टिम आधी इंग्रजीत बसवली आणि नंतर मराठी केली, तर मराठीचा भाग उतरलेला नसण्याचीच शक्यता जास्त. ‘फ्लॅटपॅक कॉन्फिग’ आज्ञेने ‘लँग्वेजेस’ या नावापुढे मराठी आणि इंग्रजीची दोन अक्षरी चिन्हं, म्हणजे ‘एमआर’ आणि ‘ईएन’, अर्धविरामाने जोडून नोंदवा आणि मग एकदा अपडेट करा. अ‍ॅपचा मराठी अनुवाद मुळात झालेला असेल तर तो येईल.

प्रिंटर चालतो, स्कॅनर का नाही

सातबाऱ्याच्या प्रिंटा काढणाऱ्या केंद्रात प्रिंटर जुना असतो आणि त्याचा ड्रायव्हर मोठ्या खटपटीने बसवलेला असतो. फ्लॅटपॅक घेतलं की हा ड्रायव्हर पुन्हा आत बसवावा लागेल, ही भीती मनातून काढून टाका. अ‍ॅप फक्त छापायचा कागद तयार करून कप्सकडे देतं. त्याचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर बाहेर, कप्सच्या हाताखालचा ड्रायव्हर करतो. एचपी लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरला दर वेळी सुरू होताना संगणकाकडून फर्मवेअर द्यावं लागतं. तेही बाहेरच घडतं. प्रिंटर यादीत येत नसेल तर फ्लॅटसीलच्या सॉकेट गटात छपाईचं बटण चालू आहे का बघा. नेटिव्ह अ‍ॅपमधूनही छपाई होत नसेल तर दोष फ्लॅटपॅकचा नाही, शोध कप्समध्ये घ्या.

स्कॅनरचं गणित उलटं आहे. लिनक्सवर स्कॅनिंगची सेन नावाची व्यवस्था लायब्ररीच्या रीतीने चालते: स्कॅनरचा ड्रायव्हर अ‍ॅपच्या मेमरीत येतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर बाहेर बसतो आणि आतल्या अ‍ॅपपर्यंत पोचत नाही. ‘सगळी उपकरणं’ ही परवानगी दिली तर यूएसबीची तार आत पोचते, पण तिच्याशी बोलायचं कसं हे सांगणारा ड्रायव्हर आत नसतोच. त्यामुळे ऑल-इन-वन यंत्रावर छपाई होते आणि स्कॅन होत नाही, असं चित्र दिसतं. यावर खटपट करत बसू नये. स्कॅनिंगचं अ‍ॅप सिस्टिम पॅकेजमधून नेटिव्ह घ्यावं, पीडीएफ करून ठेवावी आणि पुढचं काम हव्या त्या अ‍ॅपमध्ये करावं.

डीएससी टोकन

सरपंच, ग्रामसेवक किंवा निविदा भरणारा ठेकेदार यांची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. टोकनपासून ब्राउझरपर्यंत साखळी अशी असते: टोकन, ते वाचणारी पीसीएससीडी सेवा, कंपनीने दिलेली पीकेसीएस ११ पद्धतीची लायब्ररी, आणि मग ब्राउझर. साखळीचा पहिला अर्धा भाग सेवा आहे, दुसरा अर्धा लायब्ररी. म्हणून एक परवानगी दिली की काम झालं, असं इथे होत नाही.

फ्लॅटपॅक फायरफॉक्समध्ये करायचंच असेल तर फ्लॅटसीलच्या सॉकेट गटात स्मार्ट कार्डचं बटण चालू असल्याची खात्री करा. मग कंपनीची लायब्ररी, म्हणजे एसओ शेपटीची फाइल, होममधल्या एखाद्या वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तेवढंच फोल्डर वाचण्यापुरतं फायरफॉक्सला द्या. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘सिक्युरिटी डिव्हाइसेस’, मग ‘लोड’, आणि त्या फोल्डरमधली फाइल. इथे बरेच जण कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला यूएसआर-लिबचा पत्ता टाकतात आणि मॉड्यूल जोडता आलं नाही असा संदेश येतो. पत्ता बरोबर असतो, पण आतलं यूएसआर हे रनटाइमचं असतं, आणि तिथे ती फाइल कधीच नव्हती. होममधून दिल्यावरही फाइल चढली नाही, तर ती ज्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्या आत नाहीत असं समजा. तिथे थांबणं बरं.

सहीचं काम रोजचं असेल तर नेटिव्ह ब्राउझर ठेवा. मिंटमध्ये तो तयारच येतो. उबुंटूसाठी मोझिलाने २०२४ पासून स्वतःच्या भांडारात फायरफॉक्सचं डेब, म्हणजे नेटिव्ह, पॅकेज दिलं आहे. ते भांडार जोडून, त्याला स्नॅपपेक्षा वरचा अग्रक्रम देऊन बसवावं, नाहीतर पुढच्या अपडेटला उबुंटू परत स्नॅपवाला फायरफॉक्स पुढे करतं. टोकन स्वतः ठीक आहे का हे ब्राउझरच्या आधी तपासा: पीसीएससी-टूल्स पॅकेजमधली ‘पीसीएससी-स्कॅन’ आज्ञा चालवून टोकन लावलं आणि काढलं की पडद्यावर ओळी बदलल्या पाहिजेत. तिथेच काही हललं नाही तर ब्राउझर बदलून उपयोग नाही.

काही संकेतस्थळं टोकनला ब्राउझरमधून हात लावत नाहीत. त्यांचा सही करणारा छोटा प्रोग्रॅम संगणकावर वेगळा बसतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकातल्या पत्त्यावर बोलतो. ही सेवेचीच रीत झाली. फ्लॅटपॅक अ‍ॅपचं नेटवर्क बाहेरच्याच नेटवर्कशी सामायिक असतं, त्यामुळे इथे बंदिस्त ब्राउझरही चालायला हवा. तरी कनेक्शन नाकारलं जातं ते प्रमाणपत्रामुळे. सहीच्या प्रोग्रॅमने बसताना स्वतःचं प्रमाणपत्र नेटिव्ह फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये घातलेलं असतं. फ्लॅटपॅक फायरफॉक्सचं प्रोफाइल डॉट-व्हारमध्ये असतं आणि स्नॅपवाल्याचं होममधल्या स्नॅप फोल्डरमध्ये. तिथे ते पोचलेलंच नसतं. ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’ उघडून ‘अथॉरिटीज’खाली ते प्रमाणपत्र हाताने ‘इम्पोर्ट’ करा.

आधारच्या बोटाच्या ठशाची आरडी सर्व्हिस, म्हणजे ठसा घेणाऱ्या यंत्राबरोबरचा प्रोग्रॅम, हीही अशीच चालते. ती संगणकावरच ११,१०० ते ११,१२० यांपैकी एखाद्या पोर्टवर उत्तर देते. तुमच्या यंत्राची आरडी सर्व्हिस लिनक्ससाठी आहे का, हे मात्र यंत्र घेण्याआधी कंपनीकडे विचारा. ती केवळ विंडोज किंवा अँड्रॉइडसाठी असेल तर कुठलीही परवानगी कामाला येणार नाही.

फाइली आणि पेनड्राइव्ह

बंदिस्त अ‍ॅपमध्ये ‘ओपन’ दाबल्यावर जी खिडकी येते ती बहुतेक वेळा अ‍ॅपची नसते. ती बाहेरच्या पोर्टल नावाच्या सेवेची असते. तुम्ही फाइल निवडली की पोर्टल तेवढीच फाइल अ‍ॅपच्या हाती देतं. रचना म्हणून ही फार चांगली आहे: केंद्रातल्या ब्राउझरला गावकऱ्यांच्या आधार आणि बँक पासबुकच्या स्कॅनचं अख्खं फोल्डर दिसायला नको, अपलोड करायची एक पीडीएफ दिसली की झालं.

अडतं ते एका फाइलीबरोबर शेजारच्या फाइलीही लागतात तेव्हा. साठवून ठेवलेलं वेबपान उघडलं तर मजकूर दिसतो आणि चित्रं गायब, कारण चित्रं शेजारच्या फोल्डरमध्ये राहिली. अशा वेळी त्या फोल्डरला परवानगी द्या, सगळ्या होमला नको. फाइलचा पत्ता ‘रन-यूजर-१०००-डॉक’ असा विचित्र दिसला तर ती पोर्टलने दिलेली फाइल आहे असं समजा. मूळ फाइल जिथे होती तिथेच आहे आणि बदलही तिच्यातच साठतात.

पेनड्राइव्ह उबुंटू-मिंटवर मीडिया फोल्डरमध्ये, तर फेडोरावर रन-मीडियामध्ये जोडला जातो. होमची परवानगी असलेल्या अ‍ॅपलाही तो दिसत नाही, कारण तो होमच्या बाहेर आहे. फ्लॅटसीलमध्ये ‘अदर फाइल्स’खाली ‘मीडिया’चा पत्ता द्या. स्नॅपमध्ये ‘रिमूव्हेबल मीडिया’ ही जोडणी बहुतेक अ‍ॅपना आपणहून मिळत नाही, ती चालू करावी लागते. आणि एक लक्षात ठेवा: बंदिस्त अ‍ॅपचं टेम्प फोल्डर त्याचं स्वतःचं असतं. तिथे साठवलेली फाइल बाहेर शोधून सापडणार नाही.

ग्राफिक्स

इंटेलची जुनी अंगभूत ग्राफिक्स असेल तर काही करावं लागत नाही, मेसा ड्रायव्हर रनटाइमबरोबरच येतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आतल्या ड्रायव्हरची आवृत्ती बाहेरच्या कर्नेलमधल्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टिम अपडेट झाली आणि फ्लॅटपॅक अपडेट राहिलं, तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ अडखळतो किंवा अ‍ॅप उघडतच नाही. दोन्ही अपडेट एकाच वेळी करा.

मोबाइलच्या नेटवर दहा संगणक

रनटाइमसह एक अ‍ॅप उतरायला शेकडो एमबी लागतात. शाळेच्या खोलीतले दहा संगणक हॉटस्पॉटवर भरणं परवडत नाही. फ्लॅटपॅकमध्ये यासाठी सोय आहे. एका संगणकावर सगळं नीट उतरवा. ‘रिमोट-मॉडिफाय’ आज्ञेने फ्लॅटहबला ‘ऑर्ग डॉट फ्लॅटहब डॉट स्टेबल’ हा कलेक्शन आयडी द्या, एकदा अपडेट करा आणि मग ‘क्रिएट-यूएसबी’ने अ‍ॅप पेनड्राइव्हवर घ्या. लागणारं रनटाइम आपोआप सोबत येतं. भाषेचा भाग अर्धाच उतरला आहे अशी सूचना आली तर ‘अलाउ-पार्शल’ हा पर्याय द्या. दुसऱ्या संगणकावर फ्लॅटहब जोडून तोच आयडी द्या आणि बसवताना ‘साइडलोड-रेपो’ या पर्यायात पेनड्राइव्हवरच्या भांडाराचा पत्ता सांगा.

अपडेट चालू असताना वीज गेली तरी फ्लॅटपॅक अ‍ॅप सहसा मोडत नाही. नवी आवृत्ती बाजूला पूर्ण तयार होते आणि शेवटच्या क्षणी जुनीच्या जागी येते. मध्येच बंद पडलं तर जुनीच चालू राहते. जिथे उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हा मोठा फायदा आहे. स्नॅप मात्र दिवसातून चार वेळा आपणहून अपडेट शोधतं आणि दुपारीच डेटा संपवू शकतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रिफ्रेश मीटर्ड’ला ‘होल्ड’ द्या आणि हॉटस्पॉटचं कनेक्शन नेटवर्क सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा.

काय देऊ नये

काहीच सुचलं नाही की फाइलसिस्टिमची ‘सगळ्या फाइली’ ही परवानगी, सगळी उपकरणं आणि उरलेली बटणंही चालू करण्याचा मोह होतो. तसं करू नका. विशेषतः ‘ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट फ्लॅटपॅक’ या सेवेशी बोलण्याची परवानगी कुठल्याही अनोळखी अ‍ॅपला देऊ नका. ती मिळालेलं अ‍ॅप बाहेरच्या सिस्टिमवर हवी ती आज्ञा चालवू शकतं, मग बंदिस्तपणाला काही अर्थ उरत नाही. प्रोग्रॅम लिहिण्याच्या काही साधनांना ती खरोखर लागते, केंद्रातल्या ब्राउझरला कधीच लागत नाही.

एका वेळी एकच बटण बदला, अ‍ॅप पुन्हा उघडून बघा, उपयोग झाला नाही तर ते परत बंद करा. गोंधळ झालाच तर फ्लॅटसीलमधल्या ‘रीसेट’ने त्या अ‍ॅपच्या सगळ्या परवानग्या मूळ जागी येतात आणि डेटाला धक्का लागत नाही.

जमलेली जुळणी दुसऱ्या संगणकावर नेणंही सोपं आहे. तुमचे बदल होमच्या डॉट-लोकल-शेअर-फ्लॅटपॅकमधल्या ‘ओव्हरराइड्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या नावाच्या लहानशा मजकूर फाइलीत असतात. त्या फाइली दुसऱ्या संगणकावर त्याच जागी ठेवा. फॉन्टच्या फाइली, टोकनच्या लायब्ररीचं फोल्डर आणि पीसीएससीडी सेवा मात्र तिथे वेगळी बसवावी लागेल, कारण ओव्हरराइडमध्ये फक्त परवानगी असते.